गोलकीपरची आई

लोर्ना ह्रिन्किव आमच्या गावच्या वृद्धाश्रमात कपडे धुण्याचं काम करते. आठवडाभर मशीनसमोर उभी, आणि हिवाळ्यातल्या प्रत्येक शनिवार-रविवारी लेकीच्या आइस हॉकी संघामागे कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवान प्रांतभर गाडी हाकत फिरते. लेक ब्रिन, तेरा वर्षांची, गोलकीपर. माझी भाची त्याच संघात आहे, म्हणून मीही त्याच गाडीत असते. ओल्या पॅडांचा कुबट वास आता मला येईनासा झालाय.

आमच्याकडे त्या दिवशी खेळणाऱ्या गोलकीपरची आई बाकीच्या पालकांत बसत नाही. हे कुणी ठरवलेलं नाही. गोल झाल्यावर बाकांवर जे बोललं जातं ते तिच्या कानावर पडू नये, एवढंच. ती खाली, लेकीच्या गोलमागे, काचेला लागून एकटी उभी राहते. संघाने बाजू बदलली की तीही रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, दुसऱ्या टोकाला चालत जाते.

किंडर्सली गावच्या स्पर्धेत आमच्या मुली कशाबशा फायनलला पोचल्या. संघात गोलकीपर दोन, आणि दोघींनी आळीपाळीने खेळायचं हा कोच डेलचाच नियम. फायनलची पाळी ब्रिनची होती. दुसरी, म्हणजे शॉनाची मुलगी मॅकेना, जास्त चांगली खेळते. हे लोर्नालाही माहीत होतं.

सामन्याआधी डेलने लोर्नाला कॅन्टीनपाशी गाठलं. मी शेजारीच फ्राइजची वाट बघत होते. आम्ही तिघं एकाच शाळेतले.

"लोर्ना, किती वर्षांनी पोरी फायनलला आल्यात!"

"माहितीय. त्यातल्या दोघींना मीच घेऊन आलेय."

"मी पाळी मोडली तर गावभर माझ्या नावाने शंख होईल. पण ब्रिननेच म्हटलं, की मॅकेनाला खेळू दे, तर... तू बोलून बघ ना तिच्याशी."

लोर्नाने कॉफीचा घोट घेतला. पाय सुजल्यामुळे तिने बुटांच्या नाड्या सैल सोडल्या होत्या. एकदा हो म्हटलं असतं तर तिला आमच्यासोबत ब्लँकेट घेऊन बसायला मिळालं असतं. मलाही वाटलं, म्हणून टाक बाई.

"पाळी तिची आहे, डेल," ती म्हणाली. "मोडायची तर तू मोड. तिच्या तोंडून वदवून घ्यायला मी जाणार नाही."

डेलने मोडली नाही.

पहिलाच गोल ब्रिनच्या पायांमधून गेला, अगदी साधा. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "वृद्धाश्रमातली एखादी आजी आणली असती तरी चाललं असतं!" दोन-चार जण हसले. शॉना उठली आणि खाली जाऊन लोर्नाशेजारी काचेला टेकली. मीही मागोमाग गेले.

"तू कशाला आलीस? आज तुझी सुट्टी ना?" लोर्ना म्हणाली.

"वर बसवत नाही गं. आमच्या वेळीही असंच बोलतात?"

"बोलतात की. तुमच्या वेळी मी पण बोलते."

शॉना इतकी हसली की तिचा श्वास काचेवर साचला.

ब्रिनने नंतर बरंच अडवलं. एकदा तर आडवी पडून, नुसत्या हातमोज्याच्या टोकाने. तरी आम्ही एका गोलने हरलो.

परतताना माझी भाची झोपली. ब्रिन जागी होती.

"आई, डेलने तुला विचारलं होतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, आईला विचारा."

लोर्नाने आरशात पाहिलं. "आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"मला वाटलंच होतं तू हो म्हणशील. किती दमली होतीस."

"दमलेच होते," लोर्ना म्हणाली, आणि तिने पेट्रोल भरायला गाडी वळवली.

पेट्रोल पंपावरच्या बाईने तिच्या अंगातलं संघाचं जॅकेट पाहिलं. "काय, जिंकलात का?"

"हरलो," लोर्ना म्हणाली. "गोलमध्ये माझी मुलगी होती."