कासवाच्या पोटावरचा प्रश्न

दुपारचे अडीच वाजले आहेत. मी डाव्या कुशीवर पडले आहे, आणि पोटातलं बाळ सकाळपासून जरा गप्प आहे. एरवी माझं जेवण झालं की ते हालतं. मी पोटावर हात ठेवून वाट पाहते. पडदे ओढलेले आहेत, पंखा फिरतो आहे. पलीकडच्या खोलीत माझा नवरा, श्रीरंग, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतो आहे. आवाज येतो, शब्द येत नाहीत. उशीशी अण्णांच्या पुस्तकाची टाइप केलेली पानं पडली आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील, मोरेश्वर उकिडवे. उत्खननात सापडलेलं हाड हातात घेऊन ते कुठल्या प्राण्याचं हे सांगायचं, हे त्यांचं काम. चीनमधल्या आन्यांग गावी ते दोन हिवाळे राहिले. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे शांग घराण्याची राजधानी होती. हे राजे काहीही करण्याआधी आपल्या पितरांना विचारत. कासवाच्या पोटाकडच्या कवचात मागून खळगे पाडायचे, खळग्यात निखारा टेकवायचा, आणि कवच तडकलं की त्या तड्यात पितरांचं उत्तर वाचायचं. पाऊस येईल का, लढाई जिंकू का, राजाचा दात दुखतो आहे तो कुठल्या पूर्वजाच्या रागामुळे. प्रश्न नंतर कवचावर कोरून ठेवत. अण्णा कासवं ओळखायला गेले आणि ती लिपी शिकून आले. पुढे मलाही शिकवली.

गेल्या वर्षी ते गेले. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, ते मी पुरं करते आहे. ते बाळंतपणाच्या प्रश्नांचं आहे. राणीचे दिवस भरत आले की राजा विचारतो, एकदा होकारी, एकदा नकारी. 'चांगलं होईल.' 'चांगलं होणार नाही.' एका कवचावर पुढे काय झालं तेही कोरलेलं आहे: एकतीस दिवसांनी बाळंत झाली, चांगलं झालं नाही, मुलगी होती.

दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. आता बत्तिसावा आठवडा आहे.

डोळे मिटतात. पंख्याचा आवाज लांब जातो, आणि परत येतो तेव्हा तो ब्रशने माती झाडण्याचा आवाज असतो.

अण्णा पलंगाच्या पायथ्याशी बसले आहेत. मे महिना असूनही अंगात तो तपकिरी स्वेटर. मांडीवर ट्रे आहे आणि त्यातलं काहीतरी ते हलक्या हाताने साफ करताहेत.

"उकडत नाही का?" मी विचारते.

"तिकडे थंडी असते," ते म्हणतात. मान वर करत नाहीत.

ते गेले आहेत हे मला माहीत आहे. ते मला झोपेतही विसरता येत नाही. तरी त्यांचा गुडघा नेहमीसारखा हलतो आहे आणि पलंग त्याबरोबर थरथरतो आहे.

"कशाला आलात अण्णा?"

"पाठवलंय मला."

"कुणी?"

ते ब्रश खाली ठेवतात. आम्ही अण्णांच्या संस्थेतल्या हाडांच्या कोठीत उभे आहोत. लहानपणी मी इथे शाळा सुटल्यावर येऊन बसायची. तीच कपाटं, तोच फिनाइलचा वास. पण कपाटांना शेवट नाही, आणि प्रत्येक खणातून कुणीतरी श्वास घेतल्यासारखं होतं आहे. अण्णा पुढे चालतात. मी खणांवरच्या चिठ्ठ्या वाचत जाते. गाय, बैल, कुत्रा असं काहीच लिहिलेलं नाही. सोमवार लिहिलं आहे. मंगळवार. शुक्रवार. पुन्हा मंगळवार.

"इथे नाव राहत नाही," अण्णा म्हणतात. "तू वाचलंयस की. शांग लोक मेलेल्या माणसाला वाराचं नाव द्यायचे. पिता अमुक वार, माता तमुक वार."

"त्यांचा आठवडा दहा दिवसांचा होता."

"आपल्यासाठी सातांचा केलाय," ते म्हणतात, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटते, कारण ते विनोद करत नाहीयेत. "मी बुधवार."

ते बुधवारी गेले होते.

"बुधवार!" कुणीतरी आतून पुकारतं.

सोनोग्राफीच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. निळ्या खुर्च्या, पाण्याचं पिंप. गर्भलिंग चाचणी केली जात नाही, अशी पाटी असते त्या जागी पाटी आहे, पण तिच्यावर कवचांवरची ती कोरीव अक्षरं आहेत. मला ती येतात, तरी मी वाचत नाही. खुर्च्या रिकाम्या आहेत. बायका खाली बसल्या आहेत, भिंतीशी ओळीने, गुडघे टेकून, हात पाठीमागे. मी त्यांच्या पायांकडे पाहते, मग मांड्यांकडे, मग खांद्यांकडे. खांद्यांच्या वर पाहायचं नाही असं मी ठरवते. आन्यांगच्या थडग्यांचे फोटो मी पाहिले आहेत. तिथे बळी दिलेल्यांच्या खांद्यांच्या वर काहीच नसतं.

"त्या कोण आहेत?" मी विचारते.

"राजा गेला की त्याच्याबरोबर जाणाऱ्या." अण्णा पिंपातून पाणी घेतात. पितात, आणि पाणी स्वेटरवरून खाली ओघळतं. "वरच्या पितरांना भूक असते, ऋजू. जितके जुने, तितकी जास्त. आणि मी सगळ्यात धाकटा. पुकारलं की मीच उठायचं."

"तुम्हीच म्हणायचात, हे सगळं माणसांनी रचलेलं आहे. श्राद्धसुद्धा करू नका म्हणालात. म्हणून मी केलं नाही."

"रचलेलंच आहे. आम्ही माणसंच आहोत."

"मग काय हवंय त्यांना?"

ते खिशातून मोजपट्टी काढतात, ती उत्खननात वापरायचे ती, आणि पायाखालची फरशी मोजायला बसतात. फरशी नाही, पिवळी माती आहे, भुसभुशीत, आणि वारा सुटला आहे. डावीकडे नदी. समोर चौकोनी खड्डा, पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेला. तळाशी एक कुत्रा वेटोळं करून पडला आहे, कान टवकारून. अण्णा उंबरठ्याची जागा मोजताहेत. नवं घर बांधताना शांग लोक उंबरठ्याखाली कुणाला पुरत, ते प्रकरण मी गेल्या महिन्यात टाइप केलं आहे. टाइप करून उठले होते आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले होते.

अण्णा दोन्ही हातांनी माप दाखवतात. एवढंसंच माप. हात दीडेक वितीच्या अंतरावर स्थिर धरलेले.

"नाही," मी म्हणते.

"आधी विचारायचंय फक्त."

"विचारायचं नाही!"

खड्ड्याच्या काठावर एक माणूस बसला आहे. पाठ माझ्याकडे. त्याच्या पुढ्यात शेगडी आहे आणि शेगडीतल्या निखाऱ्यात एक काडी लाल होते आहे. अण्णा ट्रेमधलं कवच उचलून त्याच्यापुढे धरतात. कासवाचं पोट, पिवळसर, मधोमध शीर. ते उबदार आहे हे मला इथून कळतं, कारण माझं स्वतःचं पोट गार पडायला लागलं आहे.

"चांगलं होईल," तो माणूस म्हणतो. कंटाळलेल्या कारकुनासारखा आवाज. मग त्याच सुरात, "चांगलं होणार नाही."

तो काडी उचलतो.

मी अण्णांचा दंड धरते. स्वेटरच्या आत दंड नाही, नुसती थंडी आहे. "मोरेश्वर उकिडवे," मी म्हणते.

ते माझ्याकडे पाहतात. त्या नजरेत मी नाही.

"कोण मोरेश्वर?"

मी बोलत राहते. काय बोलू ते सुचत नाही, म्हणून जे आधी तोंडात येतं ते बोलते. "एका कासवावर अकरा दिवस घालवणारे. ते दक्षिणेकडून समुद्रावरून आलंय असं छापून आणणारे. आणि मग परिषदेत, दीडशे लोकांसमोर, कुणी विचारलंही नव्हतं तरी उठून सांगणारे, की मी चुकलो, ते तिथल्याच नदीतलं होतं. तुम्ही घरी आलात आणि आई म्हणाली, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं? तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

काडीचं लाल टोक खळग्याशी येतं.

"अण्णा, काय म्हणालात?"

त्यांचा हलणारा गुडघा थांबतो. ओठ हलतात. "मला कळलं होतं ना," ते सावकाश म्हणतात. मग माझ्याकडे बघतात, आणि आता ते मला बघतात. "ऋजू? तू इथे कशी? तू इथे काय करतेयस?"

कवच ते मागे खेचायला जातात, पण तो पाठमोरा माणूस दुसरी कड धरतो. त्याच्या बोटांना नखं नाहीत. मी पुढे होते आणि निखारा आणि कवच यांच्या मध्ये माझा हात घालते.

'पुक्' असा आवाज होतो. अगदी लहान.

खड्ड्यातला कुत्रा उठून उभा राहतो. भिंतीशी बसलेल्या सगळ्या बायका एकदम माझ्या दिशेने वळतात.

"ऊठ!" अण्णा ओरडतात. मी लहानपणी विहिरीच्या काठावर गेले होते, तेव्हा ओरडले होते तसे. "काय उत्तर आलं ते बघू नकोस. ऊठ, दवाखान्यात जा. आत्ता!"

पंखा फिरतो आहे. मी उताणी आहे. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. चादर घामाने भिजली आहे आणि पोट गार, जड, दगडासारखं. मी हाताने दाबते, हलवते. साखरेचं पाणी पिते, पुन्हा कुशीवर होते. काही नाही.

"श्रीरंग!"

तो हेडफोनसकट धावत येतो.

"हालत नाहीये. गाडी काढ."

"कधीपासून?"

"मला माहीत नाही. गाडी काढ आधी."

गाडीत तो एकदाच बोलतो, "काही होणार नाही." मी त्याला म्हणते, "हे वाक्य नको म्हणूस. कुठलंच वाक्य नको म्हणूस." तो चमकून बघतो. सिग्नल लाल असतानाही गाडी पुढे काढतो.

डॉक्टर यंत्र पोटावर फिरवतात. खोलीत नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या आत, खोल, ठोके. फार मंद, पण आहेत.

"नाळ अडकलीय," डॉक्टर म्हणतात, आणि लगेच दाराकडे वळून, "ऑपरेशन थिएटर तयार करा. बालरोगवाल्यांना बोलवा." मग मला, "वेळेवर आलात. अजून अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकले नसते."

पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी ती रडते. मांजराच्या पिल्लासारखी, पण रडते. दीड किलोही भरत नाही. मला तिचा एक पाय दाखवतात आणि तिला काचेच्या पेटीकडे घेऊन जातात. पुढचे दोन आठवडे सांभाळायला लागेल, असं म्हणतात. श्रीरंग पेटीशीच उभा राहतो, मला फोनवर तिचे फोटो पाठवत.

वॉर्डात नर्स सलाइनची सुई बघायला येते. मंदाकिनीबाई, पन्नाशीच्या, हसऱ्या. माझा उजवा हात हातात घेतात आणि थबकतात.

"हे कधी भाजलं?"

तळहाताच्या मधोमध फोड आला आहे. आता त्यांनी म्हटल्यावर तो ठणकायला लागतो.

"दुपारी."

"स्वयंपाक करत होता का? या दिवसांत?" त्या चष्मा नाकावर ओढून वाकतात. "फोडाच्या कडेने कातडी उललीय बघा. रेघा पडल्यात. एक उभी, आणि तिच्यातून एक..."

"सांगू नका," मी म्हणते.

"काय?"

"कशा पडल्यात ते सांगू नका. मलम लावा आणि बांधून टाका."

त्या माझ्या तोंडाकडे बघतात. मग कापूस घेतात. गेली चौदा वर्षं मी असल्या रेघा वाचते आहे. एक नजर पुरेल. मी मान भिंतीकडे वळवते, डोळे घट्ट मिटते, आणि पट्टीची शेवटची गाठ बसेपर्यंत उघडत नाही.