‘झालं’ लिहून हात उचलला

मी देवीपुढे रोज उभा राहायचो, पण माझं ऐकणारं तिथे कोणी आहे का, ही शंका मनात घेऊनच. माझी लेक नंदा जन्मापासून बहिरी. ती सातवीत असताना एका संध्याकाळी तिच्या हातून पाण्याचा हंडा सांडला. ‘डोळे फुटले का तुझे?’ असं ओरडून मी तिच्या कानशिलात दिली. तिला ऐकू येत नव्हतं, पण ती ओठ वाचायची. वर्षभराने डॉक्टरांनी सांगितलं, तिची नजर तेव्हापासूनच जात होती. आज नंदा चोवीस वर्षांची आहे आणि तिला काहीच दिसत नाही. तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून मी जेवण, आंघोळ, बाहेर जाणं एवढंच सांगायचो. माफी तळहातावर मावत नव्हती.

गेल्या वर्षी तिच्या कॉम्प्युटरला ब्रेलची पट्टी जोडली. समोरच्याने टाइप केलेलं त्या पट्टीवर ठिपक्यांनी उमटतं, एका वेळी एकच ओळ. ती बोटांनी वाचते आणि टाइप करून उत्तर देते. पालघरच्या तिच्यासारख्याच एका मैत्रिणीशी ती तासन्‌तास बोलू लागली. एका रविवारी बोईसरच्या आमच्या खोलीत मीही लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसलो आणि बारा वर्षांचं सगळं लिहीत सुटलो. उत्तर येईना. शेवटी तिने पट्टीवरून हात काढून मांडीवर ठेवले. मला वाटलं, माफी नाही. मी आणखीच कळवळून लिहू लागलो.

दारात दांडी गावची एक मासेवाली माझ्या बायकोला मासे निवडून देत होती. ती मला म्हणाली, ‘भाऊ, तुमी तिला बोलू देनार का नाय? ती दोनदा बोटं उचलते, न तुमी परत सुरू! आमी पन भाव सांगून गप बसतो. गिऱ्हाईकाला बोलू तर द्या!’

बायको खळखळून हसली. मी ओशाळून हात उचलले आणि नुसता बसलो. ते बसणं फार जड गेलं. नंदाने पट्टी चाचपली, नवी ओळ येत नाही हे तिला कळलं, आणि ती सावकाश मागचं वाचत गेली. मग तिचं उत्तर आलं.

‘थप्पड आठवते. दुसऱ्या दिवसापासून हंडा तुम्ही भरू लागलात, तेही आठवतं. बाबा, मी रागावले नव्हते, तुमच्या ओळी पळत होत्या. बोलून संपलं की “झालं” लिहायचं आणि थांबायचं, हा आम्हा मैत्रिणींचा नियम. आता रडणं पुरे, चहा करा. झालं.’

मी खरंच रडत होतो.

ती मासेवाली पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. तिला कोणी पाठवलं, हे मी ठरवत नाही. हात मात्र जोडतो.

आज नंदा केळव्याच्या एका निवृत्त गृहस्थांना, ज्यांचं दिसणं-ऐकणं दोन्ही गेलं, असं बोलायला शिकवते. त्यांना ती आधी थांबायला शिकवते. मी कामाला आहे त्या कंपनीत हे छाती फुगवून सांगतो. आणि देवीपुढे आता थोडकंच बोलतो, मनात ‘झालं’ म्हणतो, आणि आता बोलायची वेळ तिची आहे हे ओळखून उभा राहतो.