आधी हेल्मेट, मग स्कार्फ

मंडळी, आज सकाळी धायरीजवळ मोटारीचा धक्का लागून स्कूटरवरची एक मुलगी पडली. मोटार निघून गेली. माणसं जमली, पण चर्चा चालली होती ती चूक कुणाची याची.

मी गाडी बाजूला लावली आणि तिला दुकानाच्या पायरीवर बसवलं. गुडघा फुटला होता.

"दादा, जाऊ नका हं."

"नाही जात. आधी पाणी पी."

मी हेल्मेट काढून बाटली पुढे केली. तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला. पाहतो तर आमच्याच सोसायटीतली, वरच्या मजल्यावरची! पार्किंगवरून भांडण झाल्यापासून आमचा वर्षभर अबोला. आवाज तरी कसा ओळखणार?

"काका, तुम्ही?"

"मघाशी दादा म्हणालीस."

ती रडता रडता हसली. "आज गाडी मात्र अगदी कडेला लावलीत!"

दवाखान्यात दाखवलं. हाड शाबूत आहे.

तिचा चेहरा आधी दिसला असता तर थांबलो असतो का? नक्कीच, असं मी घरी ठामपणे सांगितलं. बायको नुसती हसली.

तुम्ही थांबला असतात?