अकरा वाजेपर्यंतचं ऊन

जनावरांच्या दवाखान्यात दोन गोष्टी कधी संपत नाहीत, शेण आणि किस्से. आज उचला, उद्या पुन्हा तेवढंच! लोहाऱ्याहून सास्तूरकडं जाताना आमचा दवाखाना लागतो. मी तिथं पर्यवेक्षक. गेल्या वर्षभरात साचलेले किस्से सगळे एकाच झाडाभोवतीचे आहेत. झाड गुलाबाचं, आणि लावणारे आमचे ड्रेसर भागवत मामा. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा आणि बैल बिथरला की पहिली लाथ खाणारा माणूस!

*

मामांनी गुलाब लावला तो कडुनिंबाखाली. सकाळी अकरापर्यंत ऊन, मग दिवसभर सावली.

पुण्याकडून नव्या डॉक्टर मॅडम रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मोबाइल काढला. "मामा, गुलाबाला सहा तास ऊन लागतं. इथं स्पष्ट लिहिलंय."

मामांनी चष्मा वर करून मोबाइलकडं पाहिलं. "मॅडम, ह्ये लिवणारा एप्रिलात आपल्याकडं आल्ता का?"

मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. मी उगाच रजिस्टर चाळायला लागलो.

*

मामांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. एकदा मामा डबा विसरले म्हणून काकू तो घेऊन आल्या आणि आम्हा सगळ्यांसमोर सुरू झाल्या.

"साहेब, जिथं बदली हुईल तिथं ह्यांनी झाडं लावली. सगळा जन्म गेला. पर एक फूल घरी आणलं न्हाय!"

मामा कापूस गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "सरकारी फूल हाय त्ये!"

काकू तणतणत गेल्या. पण संध्याकाळी मामा माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले. "साहेब, एप्रिलअखेर म्या रिटायर. ह्या झाडाचं पहिलं फूल तिलाच देणार. शबूद दिलाय म्या." मामांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

*

मार्च उजाडला, झाड कमरेएवढं झालं आणि एक आजी शेळी घेऊन आली.

"डाक्टर, दोन दिस झालं. कशालाच तोंड लावंना बगा."

मी केसपेपर लिहायला बसलो. शेळीचं नाव, वय, वजन. तेवढ्यात मागून कराकरा आवाज! शेळीनं गुलाब बुडापर्यंत ओरबाडला होता, एकच फांदी उरली होती.

आजी टाळ्या पिटायला लागली. "अगं बया, खाया लागली की! लई गुणाचा दवाखाना!"

मामा आतून धावत आले. "आजे, शेळी हलीव! न्हायतर तिलाच खड्ड्यात लावून पाणी घालतो!"

कहर म्हणजे पुढच्या आठवड्यात तिघं जण आपापल्या शेळ्या घेऊन हजर. मॅडमकडं बघितलंसुद्धा नाही. थेट मामांना विचारतात, "त्ये गुलाबाचं औषध कुठं हाय?" मामांनी त्याच दिवशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

*

उरलेल्या फांदीला एक कळी आली. एकच! आणि ती काही केल्या उमलेना. निरोपाला चार दिवस राहिलेले. मामा एका लग्नाला ढोकीला गेले होते.

मॅडम म्हणाल्या, "थोडं जास्त ऊन मिळालं तर उमलेल हो."

मलाही पटलं. कुठनं बुद्धी झाली देव जाणे! कोयता घेतला आणि कडुनिंबाची आडवी फांदी उतरवली. दुपारी बारा वाजता ऊन थेट गुलाबावर. आम्ही दोघं खुशीत होतो. तीन वाजेपर्यंत पानांच्या कडा करपल्या आणि कळीनं मान टाकली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. करपलेली पानं पाहिली. आत गेले, कोरा केसपेपर घेतला आणि मॅडमच्या टेबलावर आणून ठेवला.

'रुग्ण: गुलाब. लक्षण: ऊन लागलं. कारण: दोन अधिकारी. उपचार: सावलीला बांधणे.'

मॅडमनी मुकाट्यानं खाली सही केली. मग आम्ही तिघांनी पेंडीची रिकामी पोती उसवून गुलाबावर छप्पर केलं. मॅडम दर तासाला जाऊन कळी बघून यायच्या. मला तर जेवण गोड लागेना.

*

निरोपाच्या दिवशी सकाळी आलो तर कळी अर्धी उघडलेली! पोती मात्र वाऱ्यानं उडून गेली होती. आणि कार्यक्रमाचा मंडप, जो गेटजवळ घालायचं ठरलं होतं, तो मामांनी पहाटेच मंडपवाल्याला सांगून सरळ गुलाबावर घालून घेतला होता! खुर्च्या सगळ्या बाहेर. निम्मं गाव डोक्यावर टॉवेल टाकून उन्हात बसलेलं.

जिल्ह्याचे साहेब आले आणि वैतागले. "अहो, माणसं उन्हात आणि झाडाला मंडप?"

मामा म्हणाले, "साहेब, तुमाला पाय हाईत. या की आत. त्याला न्हाईत."

साहेबांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि गुलाबाशेजारी येऊन बसले. मग सगळेच दाटीवाटीनं आत. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. तोवर फूल पुरतं उमललं होतं, गडद लाल.

मामांनी खिशातनं ड्रेसिंगची कातर काढली आणि पहिल्या रांगेतल्या काकूंकडं बघितलं. गुडघ्यावर बसले. जन्मभर बिथरलेल्या बैलांच्या पट्ट्या सपासप कापलेला हात फुलाच्या देठाशी आला. कातर काही मिटेना.

काकू उठल्या. पदर खोचला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अवो, ठिवा ती कातर! उद्यापास्नं रिकामंच हाव न्हवं? मग मलाच रोज हितं घिऊन येत जावा की!"

मामांनी कातर खिशात घातली.