चार मशीनं, चार ओढण्या

हसा, माझी हरकत नाही. फक्त चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा शेजारच्या वहिनींच्या नाकातून चहा आला आणि दोष माझ्यावर आला.

मी मुळात घाबरट. कुकरची शिट्टी होणार हे ठाऊक असतं, मी शिट्ट्या मोजतही असते, तरी शिट्टी झाली की दचकते. आमच्या भिवंडीतल्या नारपोलीत लोक आवाजाला दचकत नाहीत, शांततेला दचकतात. दिवसभर लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट, आणि वीज गेली की सगळं एकदम गप्प. मग झोपलेली बाळं उठून रडायला लागतात. मी दोन्हीला दचकते. बी.कॉम. झाले, पण त्याचा या बाबतीत काही उपयोग झाला नाही.

तर मी पाटीलशेठच्या लूमच्या कारखान्यात कामाला. इंग्रजी पत्रं लिहायची आणि शनिवारी कामगारांचा पगार बँकेतून आणायचा. शेठ आगरी माणूस. वडिलांच्या भाताच्या शेतात शेड टाकून त्यांनी लूम बसवले आणि चाळीस वर्षं त्या आवाजात काढली. त्यामुळे कानांनी अर्धे गेलेले. गुपितसुद्धा ओरडून सांगतात.

आता ही पगाराची भानगड नीट ऐका, पुढचं सगळं त्यावर आहे. शेजारच्या कारखान्याच्या मुनिमाला एकदा नाक्यावर पिशवीसकट लुटलं होतं. तेव्हापासून शेठचा नियम: पैसा एका खेपेत आणायचा नाही. चार खेपा, चार वाटा. पहिली खेप जेवणाच्या डब्यातून, वरच्या पुडात भाजी, खालच्यात नोटा. दुसरी भाजीच्या पिशवीतून. तिसरी निजामपुऱ्यातून रिक्षाने, चौथी मागच्या गल्लीने पायी. आणि दर खेपेला मी ओढणी बदलायची. ही ओढणीची कल्पना माझी. शेठना ती इतकी आवडली होती की दिवाळीला त्यांनी मला साडी न देता चार रंगांच्या चार ओढण्या दिल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि भिवंडीत मंदी. रोज कुठल्यातरी गल्लीतून लूम भंगारात जाताना दिसायचे. शेठनीही भंगारवाल्याला बोलावून भाव विचारून ठेवला होता. एकच आशा होती. दुबईला कापडाचं प्रदर्शन भरणार होतं, तिथे आमचं पांढरं सुती कापड कुणी उचललं तर लूम वाचणार. नाहीतर चोवीस लूम, तीस कामगार आणि एक दचकणारी मुलगी, सगळे एकदम मोकळे.

शेठना इंग्रजी येत नव्हतं आणि ऐकू येत नव्हतं. म्हणून जायचं ठरलं मी. माझे बाबा पोस्टात, ते म्हणाले, "प्रज्ञा एकटी जाणार नाही." मग शेठच्या बायको, म्हणजे काकी, बरोबर आल्या. काकींनी आयुष्यात लुगडं सोडून काही नेसलं नाही आणि कल्याणच्या पुढे काही पाहिलं नाही. पण कापड नुसतं चिमटीत धरून सूत कितीचं ते सांगतात.

पैशासाठी शेठनी फोर्टातल्या एका बँकेतून कार्ड काढलं. एक त्यांच्या नावाचं, एक माझ्या. मशीनमध्ये घालायचं, चार आकडे दाबायचे, पैसे बाहेर. जगात कुठेही. भिवंडीत तेव्हा असलं मशीन कुणी पाहिलेलं नव्हतं. फोर्टात सराव करताना नोटा बाहेर आल्या तशी मी दोन पावलं मागे सरले. शिपायाने त्या काढून माझ्या हातात दिल्या.

दुबईला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनाच्या ऑफिसात गेलो तर तिथला माणूस म्हणाला, स्टॉलच्या भाड्याचे अठराशे दिरहम बाकी आहेत, रोख भरा, एक वाजेपर्यंत. नाहीतर स्टॉल दुसऱ्याला. यादीत वाट बघणारे सात जण आहेत.

दहा वाजले होते. कार्डावर दिवसाला दोन हजार दिरहम काढता येत होते. समोरच बाजार आणि त्यात जिकडेतिकडे पैशांची मशीनं. सरळ जायचं, एकदा काढायचे, भरायचे. दहा मिनिटांचं काम. बरोबर?

पण परक्या मुलखात, भर बाजारात, अठराशे दिरहम एका वेळी हातात घेऊन मी चालणार? मी? जिने चार वर्षं शेठचा पगार चार वाटांनी आणला आणि एक नोट गमावली नाही?

"काकी," मी म्हटलं, "आपण थोडे थोडे काढू. वेगवेगळ्या मशीनमधून."

"आपल्या शनवारच्यासारका?" काकींना लगेच पटलं. "बरोबर. तू काढ, मी चंचीत ठेवतंय."

पहिल्या मशीनमधून दोनशे. काकींच्या कमरेच्या चंचीत. मग खांबाआड जाऊन मी पिवळी ओढणी काढली, हिरवी घेतली. दुसऱ्या गल्लीतल्या मशीनमधून दोनशे. मग लाल. मग निळी. चारही ओढण्या मी भिवंडीहून आठवणीने नेल्या होत्या, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटत होता. काकी दहा पावलं मागून, ओळख नसल्यासारख्या. आता दुबईच्या बाजारात नऊवारी लुगड्यातली एकच बाई, ती कुणाला ओळखू येणार नाही असं आम्हाला का वाटलं, ते विचारू नका.

चार ठिकाणी आठशे झाले. ओढण्या संपल्या म्हणून पुन्हा पिवळी घेतली आणि पाचव्या मशीनमध्ये कार्ड घातलं.

मशीनने कार्ड परत दिलं. पडद्यावर इंग्रजीत आलं: व्यवहार नाकारला, आपल्या बँकेशी बोला.

मी पुन्हा घातलं. पुन्हा तेच. सहाव्या मशीनवर गेले, तिथेही तेच. मी तिथेच फरशीवर बसले.

"काय झाला गो पोरी?" काकी ओळख नसल्याचं सोंग विसरून धावत आल्या.

"काकी, कार्ड बंद झालं. हजार कमी पडतायत."

काकींनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग बसलीस कशाला? बँकवाल्याला फोन कर. रडाचा असल तं नंतर रड, मी पन बसन तुझ्यासंगं."

कार्डाच्या मागे मुंबईचा नंबर होता. हातखर्चाच्या पैशांतून फोनचं कार्ड घेतलं आणि बाजाराच्या तोंडाशी असलेल्या बूथवर गेले. माझ्यामागे रांगेत निळ्या डगल्यातला एक माणूस उभा होता. दिसायला आपल्याकडचा होता, पण त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. आणि दुबईत मराठी कुणाला कळतंय, असा मी विचार केला. हा विचार जरा लक्षात ठेवा.

बँकेतल्या माणसाने आधी इंग्रजी झाडलं. मी भिवंडी म्हटल्यावर तो मराठीवर आला.

"मॅडम, तासाभरात चार वेगवेगळ्या मशीनमधून प्रत्येकी दोनशे. म्हणून आम्ही कार्ड थांबवलंय. असं चोर करतात."

"अहो, चोरांपासून वाचायला मी करतेय."

"म्हणजे?"

लाइन खरखरत होती. मी ओरडून सगळं सांगितलं. शनिवार सांगितला. डबा सांगितला, खालच्या पुडातल्या नोटा सांगितल्या. भाजीची पिशवी, निजामपुऱ्यातली रिक्षा, मागची गल्ली, कुठल्या खेपेला कुठली ओढणी, सगळं. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतकं मनापासून काही समजावलं नव्हतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्हीच त्या आहात याची खात्री करावी लागेल. जन्मतारीख सांगा."

आता मला सांगा, घाबरलेल्या माणसाला काय आठवतं? आई लहानपणापासून सांगत आलीय तेच.

"बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस."

"तारीख, मॅडम."

मी मनात हिशेब करून आईने सांगितलेल्या वर्षाची तारीख सांगितली. मे महिन्यातली.

"आमच्याकडे ही नाही."

नसणारच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना लावली तीच मलाही लावली होती, एक जून. फॉर्मवर मी स्वतः तीच लिहिली होती. पण आता एक जून म्हटलं तर हा म्हणणार, बाई अंदाजाने तारखा टाकतेय. तरी म्हटलंच. तो तसंच म्हणाला.

घड्याळात सव्वाबारा. फोनच्या पडद्यावर कार्डातल्या शिल्लकीचे आकडे भराभर उतरत होते. काकी शेजारी उभ्या राहून ते आकडे रिक्षाच्या मीटरसारखे बघत होत्या.

"शेठना फोन करा," मी म्हटलं. "खातं त्यांचं आहे. ते ओळखतील मला. फक्त मोठ्याने बोला."

"लाइनवर थांबा," तो म्हणाला आणि त्याने दुसऱ्या फोनवरून आमच्या कारखान्याचा नंबर लावला.

आणि मला ऐकू आलं. एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये, समुद्रापलीकडून, आमच्या लूमचा खडखडाट. त्याने पहिल्यांदाच मला दचकवलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. मग शेठचा आवाज आला, तो तर फोन नसता तरी दुबईला पोचला असता.

"कोन बोलतंय?"

"बँकेतून बोलतोय शेठ. तुमच्या कार्डावर दुबईत कुणीतरी चार मशीनमधून थोडे थोडे पैसे काढलेत."

"किती मशीनी?"

"चार."

"दर येलला ओढनी बदलली का?"

इकडे बँकवाला मला म्हणाला, "मॅडम, ते विचारतायत, ओढणी..."

"बदलली," मी म्हटलं. "पिवळी, हिरवी, लाल, निळी."

त्याने ते तिकडे सांगितलं.

"मंग ती आमचीच प्रज्ञा हाय," शेठ गरजले. "चोर असता तं सगला एकदम घेऊन पलला असता. एवरी अक्कल चोराला न्हाय. चालू कर तिचा कारड."

ज्यामुळे बँकेने मला चोर ठरवलं, त्याच्याचमुळे शेठनी मला ओळखलं. बँकवाला हसत होता, पण त्याने शाखेतल्या साहेबांना विचारलं, शेठकडून खात्याची आणखी थोडी माहिती काढून घेतली आणि म्हणाला, "चालू केलंय. आता कृपा करून एकाच मशीनमधून एकदाच काढा."

फोनच्या कार्डात तेव्हा दोनच दिरहम उरले होते.

एका मशीनमधून एका दमात हजार दिरहम. ओढणी एकच होती. एकला दहा मिनिटं असताना आम्ही ऑफिसात पोचलो. काकींनी वळून कमरेची चंची सोडली, टेबलावर आठशे मांडले, त्यावर मी हजार ठेवले. पावती माझ्या नावावर फाडली गेली. ती अजून माझ्याकडे आहे, दाखवीन.

आणि स्टॉल? दुसऱ्या दिवशी सगळ्या चकचकीत स्टॉलांत सूटबुटातले लोक माहितीपत्रकं वाटत होते. आमच्याकडे लुगडं नेसलेल्या काकी खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. डोक्याला पांढरा फेटा बांधलेला एक सुदानी व्यापारी आला. काकींनी त्याच्या फेट्याचं टोक चिमटीत धरलं.

"याला सांग," काकी म्हणाल्या, "याचा सूत खोटा हाय. दोन धुन्यांत फाटल. आपला बघ म्हना."

मी जमेल तेवढं सभ्य इंग्रजी केलं. त्याने आपला फेटा पाहिला, आमचं कापड पाहिलं, चोळलं, उजेडात धरलं. मग हसला आणि खुर्ची ओढून बसला. उठला तेव्हा सहा महिन्यांचं काम आमच्या वहीत होतं.

परत आले ती मी वेगळीच मुलगी होऊन. कारखान्यात शेठनी सगळ्यांना भजी आणि चहा दिला. भंगारवाला आला होता, त्यालाही चहा पाजून परत पाठवलं. माझ्या ओढण्यांची गोष्ट शेठनी तीन वेळा सांगितली, आणि मी दर वेळी लाजल्यासारखं करून पुन्हा ऐकली.

पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी मी ऐटीत पगाराला निघाले. दोन खेपा झाल्या. तिसरीला लाल ओढणी घेऊन निजामपुऱ्यात रिक्षासाठी उभी होते. पानाच्या गादीवर एक माणूस उभा होता. अंगात निळा डगला.

तो माझ्याकडे बघून आपुलकीने हसला. "ताई, नमस्कार. दुबईत फोनच्या रांगेत तुमच्यामागे मी होतो. मी इथलाच, सुट्टीवर आलोय. तुमचा किस्सा मी त्याच रात्री फोनवर घरी सांगितला होता. कार्ड चालू झालं ना तेव्हा?"

मी दचकले.

"झालंच असेल," पानवाला मध्येच म्हणाला. "लाल ओढणी म्हणजे तिसरी खेप ना ताई? रिक्षा थांबवू?"

समोरच्या भाजीवालीनेही मान हलवली. तिला दुसरी खेप तोंडपाठ होती.

चार वर्षं जपलेलं गुपित मी दुबईच्या बाजारात उभी राहून, खडान्‌खडा, ओरडून सांगितलं होतं. आणि ते माझ्या आधी घरी येऊन पोचलं होतं.

आता पगार शेठ स्वतः आणतात. एक पिशवी, एक खेप, चार धट्टेकट्टे कामगार बरोबर. माझ्या डब्यात हल्ली दोन्ही पुडांत जेवणच असतं. तरी निजामपुऱ्यातून जाताना कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, आज कितवी?"