साडेसहाचा क्लास

नव्वदीच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका लष्करी रुग्णालयात सर्जन होतो. हुद्दा मेजर. सात वाजता राऊंड, आठला ऑपरेशन थिएटर.

एका मंगळवारी बोम्मसंद्राजवळ आमचा ट्रक उलटला. ड्रायव्हर लान्स नायक हणमंत शेळके. दहा वीसला त्याला कॅज्युअल्टीत आणलं. शुद्धीवर होता. बी.पी. ठीक, पोट मऊ. आत रक्तस्राव होत असावा अशी शंका मला होती, खात्री नव्हती. सोनोग्राफीचं मशीन वरच्या मजल्यावर कुलपात होतं आणि ते चालवणारे एकमेव रेडिओलॉजिस्ट गावाबाहेर. मी थांबलो. अकरा पस्तीसला बी.पी. कोसळलं. पोट उघडलं तर प्लीहा फाटलेली. बारा दहाला तो टेबलावरच गेला.

त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, की कळायला इतका वेळ का लागला. मी खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कमांडंटसाहेबांना भेटलो. मशीन खाली हवं आणि शिकाऊ डॉक्टरांना ते रुग्णाच्या खाटेपाशी वापरता यायला हवं, असं म्हणालो.

"दोन वर्षांनी तुझी बदली होईल. मग?"

याचं उत्तर कॅप्टन राघवेंद्र जाधवने दिलं. तो माझ्या हाताखाली शिकत होता. घर मल्लेश्वरमला, कित्येक पिढ्या इथेच रुजलेलं, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळायचा. त्याने नियम सुचवला: पुढच्या दोघांना शिकवल्याशिवाय कुणाचंही शिक्षण पूर्ण झालं असं धरायचं नाही. कमांडंटसाहेबांनी तो मान्य केला आणि मशीन खाली आलं. रेडिओलॉजिस्ट नाराज होते, पण प्रत्येक चित्र स्वतः तपासू लागले.

क्लास रोज सकाळी साडेसहाला. पोटात पाणी झालेल्या रुग्णांना विचारून त्यांच्यावर सराव. यकृत आणि मूत्रपिंडाच्या मध्ये काळी पट्टी दिसली, तर तिथे पाणी किंवा रक्त आहे. सुरुवातीला शिकवायचं ते एवढंच. कुणी घाई केली की राघवेंद्र त्याचा हात धरायचा. "स्वल्प थांब. परत बघ."

चुकाही झाल्या. एका जवानाचं पोट आम्ही विनाकारण उघडलं. तो वाचला, पण क्लास बंद करण्याची भाषा सुरू झाली. जबाबदारी मी घेतली. क्लास चालू राहिला.

माझी पुण्याला बदली झाली. राघवेंद्रने वर्षभर क्लास चालवला, मग त्याला एका बटालियनचा डॉक्टर म्हणून काश्मीरला पाठवलं. तिथे एका जखमी जवानाला बँडेज बांधत असताना तोफेचा शेल पडला. दोघेही गेले.

बातमी कळली तशी मी बेंगळुरूला फोन लावला. कॅप्टन शैला बोलली. ती राघवेंद्रच्या हाताखाली शिकलेली. तिथे सगळ्यांना पहाटेच कळलं होतं.

"आज क्लास घेतला नसेल," मी म्हणालो.

"घेतला, सर. साडेसहाला."

"कुणी?"

"ज्याची पाळी होती त्याने."

मग मी विचारलं, नव्या मुलांना राघवेंद्र कोण ते माहीत आहे का.

"मशीन बंद केल्यावर सांगितलं, सर. आधी हणमंत शेळकेंचं सांगितलं, मग राघवेंद्र सरांचं."