पाण्याचा पहिला नंबर

रसायनशास्त्र हा शब्द सातवीच्या वर्गात मी शक्यतो उच्चारत नाही. पोरं तो ऐकूनच गार पडतात. त्याऐवजी मीठ, साखर, चुना, लिंबू यांच्या नावावर जे खपवायचं ते खपवते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली बहुतेक वेळा हेडसरांच्या घरी. त्यावरून आमचं वर्षातून दोनदा तरी वाजतं. मग मी चिडून घरूनच ताटल्या-वाट्या घेऊन येते.

मी शेगावची. रोज सकाळच्या एसटीनं खारपाणपट्ट्यातल्या या गावी येते आणि येताना घरच्या फिल्टरच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणते. इथलं जमिनीतलं खारट पाणी मला तोंडात धरवत नाही. गावाला सवय आहे.

त्या मार्चमध्ये 'पदार्थ वेगळे करणे' हा भाग चालू होता. पाण्यात विरघळलेलं मीठ दिसत नाही, पण पाणी उडून गेलं की ते मागे उरतं, एवढंच सांगायचं होतं. फळ्यावर पाच मिनिटांत उरकलं असतं. पण मला हौस दांडगी. मुलांना म्हटलं, उद्या प्रत्येकानं आपल्या घरचं प्यायचं पाणी बाटलीतून आणा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं अर्धा कप पाणी मोजून स्टीलच्या ताटलीत ओतलं, खाली नावाच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि सगळ्या ताटल्या ओट्यावर उन्हात मांडल्या. एका ताटलीत माझ्या बाटलीतलं पाणी ओतलं. स्पर्धा लावली की पोरं जागी राहतात, म्हणून जाहीर केलं की ज्याच्या ताटलीत जास्तीत जास्त मीठ उरेल त्याचा पहिला नंबर, आणि बक्षीस एक पेन.

शाळा सुटायच्या आधी ताटल्या कोरड्या झाल्या. एका मुलीची ताटली पांढरीफटक पडली होती. ही दुसऱ्या बाकावर बसणारी शेतकऱ्याची पोरगी, दर दोन वाक्यांमागे "काऊन?", म्हणजे "का?", असं विचारून मला भंडावून सोडणारी. माझी लाडकी. शिक्षकानं असं म्हणू नये, पण होती. तिचं मीठ खरवडून कागदाच्या पुडीत भरलं, तिच्या हातात दिलं, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. माझी ताटली जवळजवळ कोरी होती. "मॅडमचं पाणी नापास," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. हे मीठ पोटात गेलं तर काय होतं, हे त्या दिवशी मी सांगितलं नाही. धड्यात ते नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी तिचे वडील शाळेत आले आणि मला घरी घेऊन गेले. अंगणात त्यांचा बोर होता. ते त्याच्याकडे हात करून म्हणाले, "मॅडम, आमच्या बोरचं पाणी शाळेत पयलं आलं म्हणते पोरगी. हा बोर म्या पाडला तवा सारं गाव हसे, इथं पाणी लागत नाही म्हणे." मग घरात आलेला नवा नळ दाखवला. धरणाचं गोडं पाणी यायला लागलं होतं. "पण म्या घरात सांगून देल्लं," ते म्हणाले, "नळाचं पाणी म्हशीले, बोरचं आपल्याले."

मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या आईनं तांब्या-पेला आणून माझ्यासमोर ठेवला.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. अहो, तो नंबर उलटा आहे, हे पाणी पिऊ नका. पण माणूस इतका फुलून आलेला, त्याच्याच अंगणात त्याच्या पाण्याला नावं कशी ठेवायची? बरं, पाणी पिऊन तरी टाकावं, तर तेही माझ्याच्यानं होईना. सुदैवानं, म्हणजे तेव्हा मला ते सुदैव वाटलं, गुरुवार होता. मी म्हटलं, "माझी आज निर्जळी आहे." साफ खोटं. चहा चुकला तरी माझं डोकं उठतं, मी कसली निर्जळी करते. तिच्या आईनं मला वाकून नमस्कार केला.

सांगू कधीतरी सवडीनं, असं म्हणत मी घरी आले. मग परीक्षा आल्या, मग सुट्ट्या लागल्या, आणि पोरगी आठवीत गेली.

दिवाळीनंतर ती शाळेत येईना. चौकशी केली तेव्हा कळलं, वडिलांच्या पायांवर सूज आली होती, अकोल्याला नेलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असतात, बीपी जुनं आहे, पाणीही त्यातलंच एक. आधी हे पाणी बंद करा. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. संक्रांतीनंतर महिन्याभरात ते गेले.

मी भेटायला गेले. तिच्या आईनं माझ्यासाठी सतरंजी टाकली. "लय कौतुक होतं हो त्याईले त्या नंबरचं," ती म्हणाली. "पाहुणा आला का पयले तेच सांगत." बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं, आणि नवरा गेलेली ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

मुलगी मला स्टँडपर्यंत सोडायला आली. एसटीला वेळ होता, पारावर बसलो, तेव्हा म्हणाली, "मॅडम, पयला नंबर म्हणजे सगळ्यात खराब पाणी ना?"

"हो," मी म्हटलं.

"मले तवाच कळलं होतं. घरी जाऊन सांगणार होती. पण नंबर आला म्हटल्यावर बाबा इतके खुश झाले का म्या पुढचं सांगतलंच नाही." मग म्हणाली, "तुमी घरी आल्या तवा वाटलं, तुमी सांगसान."

तेरा-चौदा वर्षांची पोर वडिलांचं मरण स्वतःच्या माथ्यावर घेऊन माझ्या शेजारी बसली होती, आणि मला ते तिथून उतरवायचं होतं. मी तिचा हात धरला. म्हटलं, बाळा, तुझी यात काही चूक नाही. नंबर मी दिला. मला सगळं माहीत होतं, मी मोठी होते, सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, सोप्या शब्दांत, वर्गात सांगते तसं.

"समजलं?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. पंचवीस वर्षं मी पोरांना शिकवते आहे. समजलं नसतानाही, मॅडमला वाईट वाटू नये म्हणून मुलं जी मान हलवतात, ती मला ओळखू येते.